खाटेवरून भिंतीवर : अमेरिकी गोधड्यांची प्रदर्शने आणि कौतुकाची मीमांसा

सारांश : हाताने शिवलेली गोधडी प्रदर्शनात मांडली जाते तेव्हा वापराच्या वस्तूचे रूपांतर पाहण्याच्या वस्तूत होते. या रूपांतरात वस्तूला प्रतिष्ठा लाभते. परंतु ती शिवणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला त्या प्रतिष्ठेतील काय येते, हा प्रश्न बहुधा मागे राहतो. अमेरिकेतील अथेन्स, पदूका आणि जीज बेंड येथील उदाहरणांच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बीजसंज्ञा : गोधडी, लोककला, प्रदर्शन, आस्वाद, कर्तृत्व, स्त्रीश्रम.

प्रास्ताविक

अमेरिकेत ज्याला ‘क्विल्ट’ म्हणतात त्याला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. ‘रजई’त कापसाचा थर असतो, पण तुकड्यांचे जोडकाम असेलच असे नाही. ‘गोधडी’ वा ‘वाकळ’ यांत जुनेर लुगड्यांचे थर आणि ठिगळे असतात, पण मधला कापूस नसतो. क्विल्टमध्ये तीन थर असतात : तुकडे जोडून केलेला दर्शनी पदर, मधला कापसाचा वा लोकरीचा थर आणि खालचे अस्तर. हे तिन्ही थर धावदोऱ्याने एकत्र बांधले जातात. रचनेच्या दृष्टीने ती रजईला जवळची असली, तरी तिच्या मागील काटकसर, आठवण आणि घरातील स्त्रीचा हात पाहता ती गोधडीचीच बहीण ठरते. म्हणून प्रस्तुत लेखात ‘गोधडी’ हाच शब्द योजला आहे.

गोधडीच्या कलात्मकतेविषयी आज फारसा वाद उरलेला नाही. वाद आहे तो तिच्या कौतुकाच्या स्वरूपाविषयी. प्रेक्षक नेमके कशाचे कौतुक करतो? रंगसंगतीचे, टाक्यांच्या सफाईचे, की ते कापड ज्या अंगावरून उतरले त्या आयुष्याचे? आणि या कौतुकाचा लाभ कोणाला होतो? गोधड्यांच्या प्रदर्शनांचा इतिहास हा या प्रश्नांना वेळोवेळी मिळालेल्या भिन्न उत्तरांचा इतिहास होय.

अथेन्सची जत्रा : कौतुक आणि किंमत

जॉर्जिया राज्यातील अथेन्स येथे १८८६ साली भरलेल्या प्रादेशिक कृषी-जत्रेत एक गोधडी मांडली होती. ती हॅरिएट पॉवर्स (१८३७–१९१०) यांनी शिवलेली होती. पॉवर्स यांचा जन्म गुलामगिरीत झाला. यादवी युद्धानंतर त्या मुक्त झाल्या आणि पतीसह शेती करू लागल्या. बायबलमधील प्रसंग कापडी आकृत्यांच्या रूपाने ११ चौकटींत मांडणारी ही गोधडी जेनी स्मिथ या गोऱ्या चित्रकला-शिक्षिकेच्या दृष्टीस पडली. त्यांनी ती विकत मागितली. पॉवर्स यांनी नकार दिला. पुढे काही वर्षांनी हातातोंडाची गाठ पडेनाशी झाली तेव्हा पॉवर्स स्वतः गोधडी घेऊन स्मिथ यांच्या दारी गेल्या. त्यांनी १० डॉलर मागितले; स्मिथ यांच्यापाशी तेव्हा ५ डॉलरच होते. १८९१ मध्ये तेवढ्यावरच व्यवहार झाला. त्यानंतरही पॉवर्स आपली गोधडी पाहण्यासाठी अनेकदा स्मिथ यांच्या घरी जात राहिल्या.

हा प्रसंग गोधडीच्या अभ्यासात वारंवार सांगितला जातो. परंतु त्यातील समीक्षात्मक आशयाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. स्मिथ यांचे कौतुक खोटे नव्हते. प्रत्येक चौकटीचा अर्थ त्यांनी पॉवर्स यांच्याकडून ऐकून लिहून ठेवला. तसे झाले नसते तर त्या आकृत्यांपैकी कित्येक आज मुक्या राहिल्या असत्या. तथापि कौतुक करणारी आणि कौतुक स्वीकारणारी यांच्यात वर्ण, शिक्षण आणि पैसा यांची दरी होती. पॉवर्स यांचे म्हणणे वाचकापर्यंत पोहोचले ते स्मिथ यांच्या लेखणीतून. पॉवर्स निरक्षर होत्या असा समज त्यामुळे दीर्घकाळ टिकून राहिला. कायरा हिक्स यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पॉवर्स यांच्या एका पत्राचा पुरावा पुढे आणला आणि त्या साक्षर होत्या, स्वतःच्या कामाविषयी स्वतः लिहीत होत्या, हे स्पष्ट झाले. आस्वादकाने प्रेमाने केलेली नोंदही निर्मातीचे चित्र किती अपुरे ठेवू शकते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पॉवर्स यांची दुसरी गोधडी १५ चौकटींची आहे. तिच्यात बायबलमधील कथांच्या शेजारी १७८० चा ‘काळोखाचा दिवस’, नोव्हेंबर १८३३ मधील उल्कावर्षाव आणि १८९५ मधील जीवघेणी थंडी या घटनाही आहेत. यांपैकी पहिल्या दोन घटना त्यांच्या जन्मापूर्वीच्या होत. ऐकीव स्मृती, धर्मश्रद्धा आणि अनुभव यांना एकाच पटावर समान स्थान देणारी ही रचना म्हणजे एक प्रकारचे इतिहासलेखनच होय. पहिली गोधडी आज वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय अमेरिकी इतिहास संग्रहालयात, तर दुसरी बॉस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. बॉस्टन येथील २०२१ च्या प्रदर्शनात त्या प्रथमच शेजारी शेजारी मांडल्या गेल्या. एकाच हाताच्या दोन कृती एकत्र पाहण्यासाठी शंभराहून अधिक वर्षे लागावीत, ही बाब संग्रहव्यवस्थेविषयी पुष्कळ काही सांगून जाते.

स्पर्धा आणि निकष : टाका कोणाचा?

जत्रेतील मांडणीतूनच पुढे स्पर्धात्मक प्रदर्शनांची परंपरा वाढीस लागली. तिच्यातील नैतिक पेच १९३३ साली ठळकपणे समोर आला. शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने सिअर्स कंपनीने राष्ट्रीय स्पर्धा घेतली. मंदीच्या त्या काळात चोवीस हजारांहून अधिक गोधड्या स्पर्धेत आल्या. पहिले पारितोषिक १,००० डॉलरचे होते. ज्या गोधडीला ते मिळाले ती पुढे एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट देण्यात आली. मात्र जिच्या नावे पारितोषिक जाहीर झाले त्या बाईंनी त्या गोधडीत एक टाकाही घातला नव्हता. काम मजुरीवर अन्य स्त्रियांकडून करवून घेतले होते, हे पुढील संशोधनातून उघड झाले. टाक्यांच्या सफाईला परीक्षकांनी दाद दिली आणि टाके घालणारे हात मात्र अनामिक राहिले.

आजची प्रादेशिक प्रदर्शने या बाबतीत अधिक सावध आहेत. केंटकी राज्यातील पदूका हे ओहायो नदीकाठचे लहानसे शहर. १९८४ मध्ये तेथे अमेरिकी गोधडीकारांची संस्था स्थापन झाली, १९८५ पासून प्रदर्शने भरू लागली आणि १९९१ मध्ये संग्रहालय उभे राहिले. २०१३ मध्ये युनेस्कोने हस्तकला व लोककला यांसाठी सर्जनशील शहरांच्या जाळ्यात पदूकाचा समावेश केला. अशा प्रदर्शनांतून टाक्यांचा सारखेपणा, तुकड्यांच्या कोपऱ्यांचा अचूक मेळ, काठाच्या पट्टीची भरीव शिवण आणि एकूण परिणाम यांची काटेकोर तपासणी होते. पांढरे हातमोजे घातलेल्या स्वयंसेविका प्रेक्षकाच्या विनंतीवरून गोधडीचा काठ उलटून अस्तराची बाजू दाखवतात. ही साधी कृती अर्थपूर्ण आहे. चित्राची मागची बाजू प्रेक्षक मागत नाही. गोधडीची मागतो, कारण शिवणारीचा हात तेथे अधिक उघडा असतो. गोधडीला स्वतःची आस्वादरीती आहे, याची ही अप्रत्यक्ष कबुलीच होय.

तथापि निकष स्थिर नसतात. १९८९ मध्ये पदूका येथे कॅरिल ब्रायर फॅलर्ट यांच्या सूर्यग्रहणावरील गोधडीला सर्वोच्च पारितोषिक मिळाले तेव्हा वाद झाला, कारण तिचे तिन्ही थर यंत्रावर शिवून बांधलेले होते. यंत्राचा टाका ‘हातचा’ मानावा काय, असा तो प्रश्न होता. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पॉवर्स यांच्या गोधड्यांतही हाताबरोबर शिवणयंत्राचे टाके आढळतात. एकोणिसाव्या शतकातील ज्या स्त्रीला यंत्र परवडले तिला त्याचा संकोच वाटला नाही. ‘निखळ हस्तकला’ ही कल्पना कित्येकदा निर्मातीची नसून आस्वादकाची असते. आपल्या गतस्मृतींचे ओझे तो तिच्या सुईवर लादत असतो.

संग्रहालयाची भिंत आणि जीज बेंड

१९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हान डर हूफ यांच्या संग्रहातील गोधड्या भिंतीवर टांगल्या. त्यांचा विचार अमूर्त चित्रकलेच्या परिभाषेत केला गेला. गोधडीला कलेच्या दालनात प्रवेश मिळाला, हे या प्रदर्शनाचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु १९७३ मध्ये पॅट्रिशिया मेनार्डी यांनी स्त्रीवादी भूमिकेतून जो आक्षेप घेतला तोही तितकाच मूलगामी आहे. गोधडी ही स्त्रियांनी स्वतःच्या परंपरेत घडवलेली कला आहे. पुरुष चित्रकारांशी साम्य आढळले म्हणून तिला मोठेपण देणे म्हणजे तिचे स्वतःचे मोठेपण नाकारणे होय, असा या आक्षेपाचा गाभा आहे.

हाच पेच २००२ मध्ये अधिक तीव्रतेने उभा राहिला. अलाबामा नदीच्या वळणाने तिन्ही बाजूंनी वेढलेले जीज बेंड हे कृष्णवर्णीयांचे गाव. पेटवे नामक मळेमालकाचे नाव तेथील बहुसंख्य कुटुंबे आजही आडनाव म्हणून वागवतात. १९६२ मध्ये, मतदार-नोंदणीच्या चळवळीच्या काळात, गावाला तालुक्याच्या ठिकाणाशी जोडणारी नाव बंद करण्यात आली. ती २००६ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधली ४४ वर्षे नदीपलीकडचे गाव गाठण्यासाठी लांबचा वळसा घालावा लागे. अशा गावातील स्त्रियांनी शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये ह्यूस्टन व नंतर न्यूयॉर्क येथे प्रदर्शित झाल्या. मातीस आणि पॉल क्ले यांच्याशी त्यांची तुलना झाली. २००६ मध्ये त्यांची छायाचित्रे टपाल तिकिटांवर आली.

तुलना करणाऱ्यांची नजर चुकीची नव्हती. ती अपुरी होती. मिसूरी पेटवे यांनी १९४२ मध्ये शिवलेली गोधडी या संदर्भात पाहण्यासारखी आहे. पती वारल्यानंतर त्याचे शेतातील कामाचे कपडे उसवून त्यांनी ही गोधडी केली, अशी आठवण त्यांच्या कन्या अर्लोन्झिया यांनी सांगितली आहे. निळसर-करड्या पट्ट्यांची तिची रचना रेखीव नाही. काही पट्टे उन्हाने विटलेले, तर काही त्यामानाने गडद आहेत. अमूर्त चित्र म्हणून तिच्याकडे पाहिले तर या छटांत रंगाची सूक्ष्म श्रेणी दिसते. कापडाचा पूर्वेतिहास कळला की विजारीच्या गुडघ्यावरील झीज आणि खिशाखाली झाकून राहिलेला मूळ रंग दिसू लागतो. तेथे रंगाची निवड चित्रकाराने नव्हे, तर उन्हाने, कष्टाने आणि वापराने केली आहे. स्त्रीने ती ओळखली आणि योग्य जागी बसवली. ही ओळख म्हणजेच तिची प्रतिभा. सौंदर्य आणि शोक येथे वेगळे काढता येत नाहीत.

कौतुकाबरोबर बाजारही आला. २००७ मध्ये काही निर्मात्या स्त्रियांनी मोबदला आणि हक्क यांसंबंधी न्यायालयात दावे दाखल केले. पुढे ते आपसात मिटले. दाव्यांतील दोषनिश्चितीपेक्षा त्यांनी उपस्थित केलेला प्रश्न महत्त्वाचा आहे. नमुना परंपरेचा, कापड जुने, हात मात्र एका विशिष्ट स्त्रीचा. मग त्या नमुन्याची प्रतिकृती गालिच्यावर वा चादरीवर छापली गेली तर तिचा मोबदला कोणाचा? अथेन्समधील ५ डॉलरचा प्रश्नच येथे कायद्याच्या भाषेत पुन्हा विचारला गेला आहे.

पुन्हा अंगणात

जीज बेंडमध्ये ऋतुबदलाच्या वेळी गोधड्या बाहेर काढून दोरीवर वाळत घालण्याची जुनी रीत आहे. गोधड्यांना ऊन दाखवण्याची ही रीत महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांनाही अपरिचित नाही. २०२२ च्या ऑक्टोबरपासून या रीतीला गावाने उत्सवाचे रूप दिले आहे. बाहेरचे प्रेक्षक गावात येतात, गोधड्या दोऱ्यांवर आणि कुंपणांवर वाऱ्याने हलत असतात आणि शिवणारी स्त्री शेजारीच उभी असते. प्रेक्षकाला तिला प्रश्न विचारता येतो. किंमत ती स्वतः सांगते. संग्रहालयाच्या भिंतीवर जे तुटले होते ते या मांडणीत काही अंशी पुन्हा जोडले गेले आहे.

निर्मात्या समाजाला स्वतःचे निकष असतात, हेही येथे अधोरेखित केले पाहिजे. उत्तर कर्नाटकातील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांच्या ‘कवंदी’ शिवतात. चारही कोपऱ्यांना घडीच्या कापडी ‘फुला’ लावल्याखेरीज ती कवंदी पूर्ण मानली जात नाही. बाहेरच्या परीक्षकाला हे केवळ अलंकरण वाटेल. शिवणारीच्या दृष्टीने मात्र त्याविना वस्तू उघडी राहते. असे निकष नोंदवणे हे समीक्षेचे पहिले काम आहे.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही गोष्टी स्पष्ट होतात. गोधडी खाटेवरून भिंतीवर गेल्याने तिचे रूप दिसू लागले, ही उपलब्धी नाकारता येत नाही. परंतु केवळ रूपाचे कौतुक अनामिकतेला जन्म देते, केवळ कौशल्याचे कौतुक १९३३ सारख्या फसगतीला वाव देते आणि केवळ करुणेचे कौतुक स्त्रीच्या कलाविषयक निर्णयशक्तीवर अन्याय करते. कापडाचा पूर्वेतिहास, शिवणारीचे नाव, तिने घेतलेले निर्णय आणि तिला मिळालेला मोबदला ही चारही अंगे आस्वादात समाविष्ट झाली पाहिजेत.

महाराष्ट्रातही गोधडी आता माजघरातून हस्तकला-प्रदर्शनांत आणि शहरी दुकानांत पोहोचू लागली आहे. ती मांडताना शेजारच्या चिठ्ठीवर किंमत असते; लुगडे कोणाचे आणि टाका कोणाचा, हे मात्र क्वचितच लिहिलेले असते. पॉवर्स यांना आपली विकलेली गोधडी पाहण्यासाठी दुसऱ्याच्या घरी जावे लागले. गोधडीच्या कौतुकाचे मोल ठरवताना ही वाट लक्षात ठेवणे अगत्याचे आहे.