डिझेल इंजिनाची प्रतिकृती कशी पारखावी?

खेळण्यातली आगगाडी आणि प्रमाणबद्ध प्रतिकृती यांत फरक आहे. प्रतिकृतीतील प्रत्येक माप मूळ वस्तूशी ठरावीक प्रमाणात असावे लागते. अमेरिकेत जनरल मोटर्सने 1954 साली आणलेल्या जीपी9 या 1750 अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनाच्या 1:87 प्रमाणातील अनेक प्रतिकृती निघाल्या. अशा प्रतिकृतींची परीक्षणे बहुधा रंग, कठडे आणि शिड्या यांच्या बारकाव्यांपाशीच थांबतात. शिक्षकाने मात्र त्यापुढे जायला हवे.

प्रथम बाह्य मापे घेऊ. मूळ इंजिन सुमारे 17.1 मीटर लांब आहे, म्हणजे प्रतिकृती 197 मि.मी. भरायला हवी. रुळांमधील 1435 मि.मी. अंतराचे या प्रमाणात 16.5 मि.मी. होतात, आणि या प्रतिकृतींचे रूळ तेवढ्याच अंतरावर असतात. (आपल्या 1676 मि.मी.च्या ब्रॉडगेजला 19.3 मि.मी. लागतील.) येथवर प्रतिकृती उत्तीर्ण होते.

आता वजन पाहू. लांबी 87 पट कमी झाली की घनफळ 87 × 87 × 87, म्हणजे सुमारे साडेसहा लाख पट कमी होते. म्हणून 115 टनांचे इंजिन प्रमाणात फक्त 175 ग्रॅमचे होईल. एवढ्या हलक्या इंजिनाच्या चाकांना पुरेशी पकड मिळत नाही. म्हणून आत भरीव धातूची चौकट घालून ते मुद्दाम जड केलेले असते. अंतर्भागही वेगळा आहे. मूळ इंजिनात डिझेल यंत्र जनित्र फिरवते आणि त्या विजेवर चार आसांच्या चार मोटरी चालतात. प्रतिकृतीत मध्यभागी एकच मोटर असून ती दांड्या आणि दंतचक्रांमार्फत सर्व चाके फिरवते. ही तडजोड योग्यच आहे. पण मग ‘हुबेहूब’ हा शब्द फक्त बाह्य कवचाला लागू पडतो.

खरी उणीव दुरुस्तीच्या वेळी कळते. 1990च्या दशकातल्या काही प्रतिकृतींमध्ये आसांवरची प्लास्टिकची दंतचक्रे कालांतराने तडकली. धातूच्या आसावर घट्ट दाबून बसवलेले प्लास्टिक सतत ताणाखाली राहते आणि शेवटी चिरते. चीर पडली की दोन दातांमधली खाच रुंदावते आणि इंजिन ‘टक् टक्’ करत चालते. दोष कुठे आहे, हे झाकण न काढताही ओळखता येते. चाकाचा व्यास 11.7 मि.मी., म्हणजे परीघ सुमारे 37 मि.मी. रुळाशेजारी पट्टी ठेवावी. आवाज दर 37 मि.मी.ला एकदा आला, तर दोष आसावरच्या दंतचक्रात किंवा चाकात असतो. याहून पुष्कळ वेळा आला, तर तो मोटरीच्या बाजूला शोधावा.

चीर गोंदाने सांधण्यात अर्थ नाही. गोंद टिकला तरी रुंदावलेली खाच तशीच राहते. दंतचक्रच बदलावे, आणि चाके परत बसवताना त्यांच्या आतल्या बाजूंमधले अंतर इतर आसांइतकेच ठेवावे. नाहीतर गाडी सांध्यावर घसरते.

कठड्यांच्या नाजूकपणावर मेहनत घेणाऱ्या उत्पादकाने न दिसणाऱ्या दंतचक्राकडे दुर्लक्ष करावे, हे खटकते. शाळेसाठी प्रतिकृती घेताना झाकण सहज निघते का, आतली आकृती सोबत आहे का आणि सुटी दंतचक्रे मिळतात का, हे तीन प्रश्न आधी विचारावेत. रंगाचा विचार त्यानंतर करावा.