ज्ञात घटकांचा संयोग आणि शोधाची कसोटी : मिर्झापूरच्या भांड्यांचा निवाडा

जुन्या युक्त्यांच्या संयोगास पेटंट मिळावे काय, या प्रश्नावर विश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज हा सर्वोच्च न्यायालयाचा १३ डिसेंबर १९७८ चा निवाडा आजही आधारभूत मानला जातो. तो १९११ च्या कायद्याखालील असूनही त्याचे महत्त्व ओसरलेले नाही.

वाद मिर्झापूरच्या भांडी-उद्योगातील होता. ओतीव भांडे लेथवर धरून खरवडावयाचे व त्यास चकाकी आणावयाची, ही जुनी रीत. तीत भांडे निसटून उडण्याची भीती असे. १९५१ च्या पेटंटात भांड्यास समोरून दाब देणाऱ्या आधाराची जोड दिली होती. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी पेटंट रद्द केले, खंडपीठाने ते उचलून धरले, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा रद्द केले. कित्येक दशके ज्ञात असलेल्या युक्तीचा हा किंचित बदललेला वापर, म्हणजे केवळ कारखान्यातील सुधारणा होय, असे न्यायालयास वाटले.

निष्कर्ष योग्यच आहे. लेथवरील असा आधार एकाच कारखानदाराच्या मालकीचा ठरता, तर इतर भांडी-उत्पादकांची वाट अकारण अडली असती. विवेचन मात्र तितके समाधानकारक नाही. घटकांच्या परस्परक्रियेतून नवा वा सुधारित परिणाम निघावा, ही कसोटी न्यायालयानेच मांडली; सामान्य कारागिराहून वरचढ अशा कुशल तंत्रज्ञाची दृष्टीही त्यानेच प्रमाण मानली. पण धोका टळणे आणि सफाई सुधारणे हा परिणाम त्या तंत्रज्ञास आधीच दिसला असता काय, याची छाननी त्रोटक राहते. ‘कारखान्यातील सुधारणा’ हे शब्द निष्कर्षाचे आहेत, मोजमापाचे नव्हेत. उत्तर हाती आल्यावर प्रत्येक युक्ती सोपीच दिसते.

१९७० च्या कायद्यातील कलम ३(फ) स्वतंत्रपणे, ज्ञात रीतीने चालणाऱ्या उपकरणांच्या नुसत्या मांडणीस शोध मानत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली केएसआर विरुद्ध टेलिफ्लेक्स खटल्यात हाच प्रश्न अपेक्षित परिणामाच्या अंगाने हाताळला. पृष्ठसंस्करणात हा भेद ठळक होतो. जस्ताचा मुलामा व त्यावर रंग या दोहोंचे एकत्रित आयुष्य त्यांच्या स्वतंत्र आयुष्यांच्या बेरजेहून अधिक भरते. कारण रंग जस्तास जपतो आणि जस्त रंगाखाली गंज पसरू देत नाही. आज हे सर्वज्ञात असल्याने त्यास पेटंट मिळणार नाही. परंतु ते प्रथम दिसले तेव्हा तो नुसता संयोग होता, असे म्हणणे मिर्झापूरच्या निवाड्यातील कसोटीलाही धरून झाले नसते.