भोळ्या फॉरेस्टचे भाग्य

रॉबर्ट झेमेकिस यांच्या ‘फॉरेस्ट गंप’ (१९९४) या बोलपटाने सहा ऑस्कर पारितोषिके मिळविली आणि घरोघरच्या प्रेक्षकांचे डोळे ओले केले. अलाबामातला हा मंदबुद्धीचा, निर्मळ मनाचा पोरगा केनेडींशी हस्तांदोलन काय करतो, व्हिएतनाममध्ये जखमी सोबत्यांना पाठीवर घालून काय आणतो, कोळंबीच्या धंद्यात गबर काय होतो! टॉम हँक्स यांच्या संयत अभिनयामुळेच हे सारे पटते.

मग खटकते कुठे? वॉशिंग्टनच्या युद्धविरोधी सभेत फॉरेस्ट बोलू लागतो आणि नेमकी तेव्हाच ध्वनिक्षेपकाची तार उपटली जाते. युद्धाविषयी त्याचे मत प्रेक्षकांच्या कानी पडूच नये, ही दिग्दर्शकाची मोठी सोय. सांगितले ते मुकाट्याने करणाऱ्या फॉरेस्टला दैव भरभरून देते. युद्धाला विरोध करीत वणवण फिरणारी जेनी मात्र अकाली मरते. हा न्याय आम्हांस मान्य नाही.

तथापि एका प्रसंगी, वाचकहो, आमचीही लेखणी थबकते. जेनीचा मुलगा आपलाच, हे कळताच फॉरेस्ट घाबरतो. पोर हुशार आहे ना, एवढेच कसेबसे विचारतो. पुढचे शब्द त्याला उच्चारवत नाहीत. आपले उणेपण या भोळ्याला जन्मभर ठाऊक होते.