युद्धचित्रांच्या हाताने रंगवलेल्या प्रती: दिल्ली आणि पानिपत

युद्धचित्राची हाताने प्रत काढण्याची रीत मुघल चित्रशाळेत अकबराच्या काळातच रुळली होती. अब्दुर्रहीम खानखानान याने बाबराच्या आत्मचरित्राचा फारसी अनुवाद 1589 मध्ये अकबराला सादर केला आणि पुढच्या दहा वर्षांत त्याच्या किमान चार सचित्र पोथ्या तयार झाल्या. त्यांतली 1597-98च्या सुमाराची पोथी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. नंतरच्या पोथ्यांतल्या अनेक प्रसंगांची मांडणी आधीच्या पोथ्यांवरून घेतलेली असली, तरी चित्रकारांनी ती डोळे मिटून गिरवलेली नाही.

कामाची पद्धत ठरलेली होती. हरणाच्या पातळ कातड्यावर मूळ चित्राची रेघ उतरवून घ्यायची, त्या रेघेवर सुईने भोके पाडायची आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी वरून आपटायची. भोके पाडलेल्या या कातड्याला चरबा म्हणत; त्यातून खालच्या कागदावर ठिपक्यांचा आराखडा उमटे. रेखाटन एकाचे, रंगकाम दुसऱ्याचे, चेहरे कधी तिसऱ्याचेच असत, आणि ही नावे समासात नोंदली जात. प्रत काढणाऱ्याला मान होता, तशी जबाबदारीही होती.

आज दिल्लीच्या हस्तकला बाजारांत जयपूर-उदयपूरकडचे कारागीर जुन्या वह्यांच्या आणि स्टॅम्पपेपरच्या पानांवर लघुचित्रांच्या प्रती रंगवून विकतात. रेघेवरची त्यांची हुकमत पाहण्यासारखी असते. एका केसाच्या कुंचल्याने घोड्याची आयाळ काढणारा हात अजून शाबूत आहे. विषय मात्र आकसले आहेत. हत्ती, शिकार, घोड्यावरचा एकटा वीर यांना गिऱ्हाईक मिळते. शेकडो माणसांची लढाई रंगवायला कित्येक आठवडे लागतात आणि तेवढी किंमत मोजणारा विरळा. त्यामुळे लढाईच्या चित्रातून लढाईच गळून पडते. बाबराने 1526 मध्ये पानिपतावर कच्च्या चामड्याच्या दोरांनी गाडे एकमेकांना बांधले, त्यांच्या आडून बंदूकबाज उभे केले आणि घोडदळाला बाहेर पडण्यासाठी मध्ये वाटा ठेवल्या. ज्या प्रतीत ही गाड्यांची रांग नाही, तिच्यात झूल आणि चिलखते कितीही नाजूक उतरली, तरी पानिपत उतरलेले नाही.

मराठी वाचकाला याहून जवळचे चित्र तिसऱ्या पानिपताचे. 1770च्या सुमारास अवधमधल्या फैजाबादकडे रंगवलेले हे चित्र आता लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. समोरासमोरच्या तोफांच्या दोन कमानी, त्यांच्यामध्ये धूर आणि कत्तल, एका बाजूला तपकिरी घोड्यावर अहमदशहा अब्दाली. अवधचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढला होता. म्हणजे ही जेत्यांच्या गोटातून पाहिलेली लढाई आहे, आणि मराठ्यांची फळी तिच्यात कशी दिसते हे त्या नजरेनेच ठरले आहे. पुस्तकांतून आणि मोबाइलवर हे चित्र इतके लहान होते, की माणसांचे ठिपके होतात. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणाऱ्या पानिपतच्या संग्रहालयात लंडनहून मिळालेली छायाचित्रे मांडली आहेत. त्यांचे मोल आहेच. पण छायाचित्र सगळे सारख्याच निष्ठेने टिपते. हाताने प्रत काढणाऱ्याला प्रत्येक रेघेपाशी थांबावे लागते: हा भाला की बंदुकीची नळी, हा धूर की धूळ? म्हणून चांगली प्रत हे मूळ चित्राचे सावकाश केलेले वाचनच असते. या लढाईच्या स्मृतिदिनी, 14 जानेवारीला, पानिपतजवळच्या काला आंब या स्मारकापाशी महाराष्ट्रातून माणसे जातात. त्यांच्यासाठी मूळ आकाराची, जाणत्या हाताने काढलेली अशी प्रत तिथे असायलाच हवी.

अशा आवृत्तीची किंमत श्रीरंगपट्टणच्या उदाहरणावरून कळते. दर्या दौलत महालातले म्हैसूर आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यातल्या पोल्लिलूरच्या 1780 मधल्या लढाईचे भित्तिचित्र पुढे अनेकदा डागडुजीखाली गेले. त्याच प्रसंगाची कागदावर रंगवलेली सुमारे 32 फूट लांबीची आवृत्ती 2022 मध्ये लंडनच्या लिलावात 6 लाख 30 हजार पौंडांना विकली गेली.

दिल्लीतले सर्वांत चर्चिलेले अलीकडचे उदाहरण छायाचित्रावरून रंगवलेले आहे. 16 डिसेंबर 1971च्या ढाका शरणागतीचे हे चित्र साउथ ब्लॉकमध्ये लष्करप्रमुखांच्या दालनात असे. 2024 च्या विजय दिनी ते दिल्ली छावणीतल्या माणेकशॉ सेंटरमध्ये लावण्यात आले. माजी सैनिकांतून उमटलेली नाराजी हेच सांगते, की प्रत कुठे टांगली आहे यालाही अर्थ असतो. ज्या कृष्णधवल छायाचित्राने ही घटना घरोघरी पोचली, त्यात भारताचे सेनानी जगजितसिंग अरोरा यांच्या शेजारी बसून पाकिस्तानी सेनानी नियाझी सही करत आहेत. रंगीत चित्रात हा क्षण आणताना गणवेशांपासून टेबलापर्यंत प्रत्येक रंग चित्रकाराला ठरवावा लागतो.

खरी उणीव नोंदींची आहे. बाजारातल्या बहुतेक प्रतींवर मूळ चित्र कोणते, ते कुठे आहे, त्याचा आकार किती आणि प्रत कोणी काढली, यांपैकी काहीच लिहिलेले नसते. त्यात जुना कागद वापरल्याने घोटाळा वाढतो. 1972च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने चित्र पुरावस्तू ठरते. म्हणून जुनाट दिसणारी नवी प्रत परदेशी नेताना ती पुरावस्तू नसल्याचा भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा दाखला लागू शकतो. प्रतीच्या पाठीवर कारागिराचे नाव आणि साल असेल, तर गिऱ्हाईक, तपासनीस आणि पुढचा अभ्यासक या तिघांचेही काम सोपे होईल.