हेतुपत्रांतील मुकें जनावर

वाङ्मयाच्या टीकाकारानें कोणत्या लेखनास हात लावावा आणि कोणत्यास लावूं नये, याविषयीं आपल्याकडे एक अलिखित शिष्टाचार आहे. काव्य, नाटक, कादंबरी, चरित्र हे त्याचे मान्य प्रांत. अर्ज, विनंत्या आणि दाखले हीं कारकुनाच्या टेबलावरचीं कागदपत्रें. हा शिष्टाचार मोडून आज आम्ही एका अर्जाचें परीक्षण करण्यास बसलों आहों. ज्या दोन पानांवर एका घरचीं भातखाचरें विकावयाचीं कीं राखावयाचीं हें ठरणार आहे, तीं पानें एखाद्या सुमार कादंबरीइतक्या तरी लक्षपूर्वक वाचलीं जावीं, एवढेंच आमचें समर्थन आहे.

परदेशांतील पशुवैद्यक महाविद्यालयांत प्रवेश मागणाऱ्या विद्यार्थ्यास गुणपत्रिकांबरोबर स्वतःविषयींचा एक निबंधही धाडावा लागतो. त्यास आपण हेतुपत्र म्हणूं. इंग्लंडांत या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबरला संपते आणि हेतुपत्रास चार हजार अक्षरचिन्हांची मर्यादा आहे. २०२६ सालच्या प्रवेशापासून तें तीन प्रश्नांच्या उत्तरांत विभागलें आहे: हाच विषय कां हवा, आजवरच्या अभ्यासानें त्यासाठीं कोणती तयारी झाली, आणि अभ्यासाबाहेर त्यासाठीं काय केलें. अमेरिकेंत बहुधा आधीं कांहीं वर्षें महाविद्यालयांत शिकून मग चार वर्षांचा पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम घ्यावा लागतो. तेथील अर्जांत तर जनावरांच्या सहवासांत घालविलेल्या वेळाचा तासवार हिशेब द्यावा लागतो. म्हणजे परीक्षक गुणांपलीकडचें माणूस शोधीत असतो, आणि तें दाखविण्यास उमेदवाराच्या हातीं साधन असतें तें बहुतांशीं भाषेचेंच. मग हें वाङ्मयाचें क्षेत्र नव्हे काय?

पवन मावळांतील आमच्या परिचयाच्या एका शेतकरी घरची मुलगी गेल्या वर्षीं असें हेतुपत्र घेऊन लोणावळ्यास आमच्याकडे आली. इंग्रजी सुधारून द्यावें, एवढीच तिची विनंती होती. आम्हीं तें हौसेनें सुधारलें. साध्या शब्दांच्या जागीं भारदस्त शब्द घातले, दोन वाक्यांचें एक केलें, आणि अखेरीस भूतदयेवर टाळी घेणारें एक वाक्य पदरचें जोडलें. ज्या महाविद्यालयांकडे तें गेलें त्यांनीं नकार कळविला. सगळा दोष त्या निबंधाचा असें आम्ही म्हणत नाहीं. जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ. परंतु यंदा तोच निबंध तिनें पुन्हा आणून पुढें ठेवला, तेव्हां आम्हीं तो परक्याचा म्हणून वाचला आणि मनांतून ओशाळलों.

त्या निबंधांत खोटें असें एकही विधान नव्हतें, आणि तरीही तो सबंध खोटा होता. लेखिकेस लहानपणापासून प्राणी आवडतात. मुक्या जिवांची सेवा हें तिचें ध्येय आहे. जगप्रसिद्ध विद्यापीठांत शिकून तिला समाजाचें ऋण फेडावयाचें आहे. हीं वाक्यें पवन मावळांतील मुलीनें लिहिलीं, कीं पुण्याच्या पेठेंतल्या, कीं पृथ्वीच्या पाठीवरील आणखी कोठल्या, हें ओळखण्याची एकही खूण त्यांत नव्हती. 'प्राणी' हा शब्द वारंवार येतो, पण गाय येत नाहीं, म्हैस येत नाहीं, शेळीही येत नाहीं. कशालाही शेणाचा वास नाहीं. कोणतें जनावर आजारी पडत नाहीं आणि एकही मरत नाहीं. वैद्यकाच्या अर्जांतून रोगीच हद्दपार व्हावा, हा दोष भाषेचा नव्हे. तो पाहण्याचा दोष आहे, आणि त्यावर भाषेचा मुलामा आम्हींच चढविला होता.

तुलनेसाठीं आपल्याकडे एक उत्तम नमुना आहे. आनंदीबाई जोशी १८८३ च्या एप्रिलमध्यें कलकत्त्याहून निघाल्या, आणि अमेरिकेंत पोहोंचल्यावर फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे त्यांनीं प्रवेशासाठीं पत्र लिहिलें. तेव्हां त्यांचें वय अठरा वर्षांचें होतें. त्या पत्राची ख्याति त्यांतील उदात्त भावनेबद्दल आहे. आमच्या मतें त्याचें बळ दुसरीकडे आहे. आपलें प्रकरण नेहमींच्या चाकोरींत बसणारें नाहीं, हें त्या आडपडदा न ठेवतां मान्य करतात. आणि आपल्या देशांतील स्त्रिया पुरुष वैद्याच्या हातून उपचार करून घेण्यापेक्षां मरण पत्करतात, ही एक गोष्ट त्या सांगतात. सेवा, करुणा हे शब्द कोणीही लिहील. ती गोष्ट मात्र बंद दाराआडच्या बायकांत वावरलेल्या स्त्रीसच लिहितां येते. ज्या मातेचें मूल अवघ्या दहा दिवसांत गेलें, तिच्या लेखणींतून ती उतरली आहे. हें वाचकास ठाऊक नसलें तरी वाक्याचें वजन त्यास जाणवतें.

प्रयाणापूर्वीं त्याच वर्षीं फेब्रुवारींत बंगालमधील श्रीरामपूरच्या महाविद्यालयांत त्यांनीं एक भाषण केलें. त्यांत लोकांचे प्रश्न त्यांनीं स्वतःच मांडले व एकेकाचें उत्तर दिलें. अमेरिकेसच कां, येथें शिकण्याची सोय नाहीं काय, एकटीनेंच कां, असे ते प्रश्न होते. आजचा छापील अर्ज जे विचारतो त्यांहून हे कठोर आहेत, कारण ते विरोधकांच्या तोंडचे आहेत. 'येथें सोय नाहीं काय' हा प्रश्न हल्लींच्या त्या तीन प्रश्नांत नाहीं. म्हणून तो उमेदवारानें स्वतःस अधिकच निष्ठुरपणें विचारला पाहिजे.

कारण सोय आहे. ज्या १८८६ सालीं आनंदीबाईंस फिलाडेल्फियास पदवी मिळाली, त्याच सालीं मुंबईंत पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, आणि परळ येथें तें आजही चालू आहे. पुण्याहून साताऱ्यास जातांना वाटेंत शिरवळ येथें दुसरें आहे. पशुरोगांचें संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा तर १८८९ मध्यें पुण्यासच स्थापन झाली होती. पुढें १८९३ मध्यें ती कुमाऊंच्या डोंगरांत मुक्तेश्वरास हलविली गेली. येथील अभ्यासक्रम प्रत्यक्ष कामाच्या काळासह साडेपांच वर्षांचा आहे. शिवाय परदेशीं शिकून परतणाऱ्यास आपली पदवी १९८४ च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याच्या परिशिष्टांत बसते कीं नाहीं हें पाहावें लागतें. येथील नोंदणी त्यावर अवलंबून असते. खाचर विकण्यापूर्वीं हा सर्व हिशेब बापानें करावयाचा असतो हें खरें. पण हेतुपत्रांत त्याचें उत्तर मुलीलाच द्यावयाचें असतें, आणि तेथें 'ध्यास' म्हणून भागत नाहीं.

आम्हीं तिला तोच प्रश्न विचारला. ती बराच वेळ गप्प राहिली. दुसऱ्या दिवशीं तिनें एक मराठी वही आणून दिली. इंग्रजी निबंध लिहिण्यापूर्वीं मन मोकळें करण्यासाठीं तिनें कांहींबाही त्यांत लिहिलें होतें. त्यांतील तीन पानें एका श्रावणांतल्या रात्रीचीं आहेत. घरची म्हैस अडली. आदल्या सांजेपासून ती उठबस करीत होती, कळा देत होती, पण पाणमोट दिसेना. शेजाऱ्यांनीं आपापले उपाय सांगितले. ओढ्याला पाणी आल्यामुळें डॉक्टरांस पोहोंचण्यास पहांट झाली. त्यांनीं कोपरापलीकडे हात घातला, डोळे मिटले आणि सांगितलें कीं गर्भाशयाला पीळ पडला आहे. मग म्हशीला आडवी पाडून पाय दोरांनीं बांधले, पोटावर फळी ठेवून तिच्यावर एका गड्यास उभें केलें, आणि ज्या बाजूस पीळ होता त्याच बाजूस सहा जणांनीं तिला लोळविलें. तिसऱ्या वेळीं पीळ सुटला. रेडकूं मेलेलें निघालें. म्हैस वांचली. पानाच्या शेवटीं लेखिकेनें डॉक्टरांस विचारलेला प्रश्न आहे: गाईंपेक्षां म्हशींनाच हा पीळ इतका कां पडतो? डॉक्टर हात धूत होते. त्यांनीं दोन कारणें सांगितलीं, आणि मग आपलें स्वतःचेंच त्यांनीं पुरतें समाधान होत नाहीं असें म्हटलें.

हें निबंधांत कां नाहीं, असें आम्हीं विचारलें. ती म्हणाली, "काका, यांत मीं कांहींच केलें नाहीं. नुसता उजेड धरला. आणि रेडकूं तर मेलेंच."

या उत्तरांत आजच्या हेतुपत्राची सारी विकृति सांपडते. उमेदवारांची अशी समजूत झाली आहे कीं परीक्षकापुढें आपला पराक्रमच मांडला पाहिजे, आणि ज्या प्रसंगीं आपण नुसते उभे राहून पाहिलें तो प्रसंग सांगण्याजोगा नव्हे. वस्तुतः शिकण्याची इच्छा उत्पन्न होते ती अशाच ठिकाणीं, जेथें आपले हात रिकामे असतात आणि दुसऱ्याच्या हातांस कांहीं कळत असतें. जेम्स हेरियट या नांवानें लिहिणारे इंग्रज पशुवैद्य ग्लासगोच्या महाविद्यालयांतून १९३९ मध्यें बाहेर पडले. १९७० मध्यें निघालेल्या त्यांच्या पहिल्या पुस्तकाचा आरंभच मुळीं गोठ्याच्या थंडगार जमिनीवर उपडें पडून अडलेल्या गाईच्या पोटांत हात घालण्यानें होतो, आणि पुस्तकांत वाचलेलें येथें उपयोगीं पडत नाहीं, ही त्यांची पहिली कबुली आहे. जगांतल्या लक्षावधि वाचकांस तो माणूस आवडला तो या कबुलीमुळें. पुस्तकाच्या नांवांतच त्या मुक्या जिवांस बोलतां आलें असतें तर, अशी हळहळ आहे. त्यांना बोलतां येत नाहीं म्हणूनच जवळ उभ्या असलेल्यानें नीट पाहून लिहावयाचें असतें.

आपल्या वाङ्मयाचाही यांत थोडा दोष आहे. पोळ्याला बैल देव होतो, वसुबारसेला गाय माता होते. या पूजेंत माया आहे, पण नाडी पाहणें नाहीं. आमच्याच मुलुखांतील राजमाचीवर गो. नी. दांडेकरांनीं १९५८ मध्यें 'माचीवरला बुधा' घडविला. मुंबई सोडून माचीवर परतलेल्या त्या म्हाताऱ्याला झाडें आणि जनावरें सोबती म्हणून भेटतात, आणि ती सोबत मराठींत अजोड आहे. परंतु सोबती आणि रुग्ण या दोन निराळ्या दृष्टि आहेत. वन्य प्राण्यांवर उपचार करणाऱ्या विनया जंगले यांच्या 'मुक्या वेदना' सारखें पुस्तक अलीकडे झालें, हें सुचिन्ह होय. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे शब्द मावळांतल्या प्रत्येक घरीं ठाऊक आहेत. आपल्या ललित गद्यांत ते किती वेळां भेटतात, याचा विचार वाचकांनींच करावा. ज्या भाषेंत गोठ्याचें दुःख लिहिण्याची संवय कमी, त्या भाषेंतील मुलगी इंग्रजींत लिहूं लागली म्हणजे 'प्राणी आवडतात' एवढेंच लिहील, यांत नवल तें काय?

आतां त्या तीन पानांवरून नवें हेतुपत्र तयार झालें आहे. या वेळीं आम्हीं व्याकरणाखेरीज कशासही हात लावला नाहीं. त्यांत म्हैस आहे, ओढा आहे, मेलेलें रेडकूं आहे आणि अनुत्तरित प्रश्न आहे. परंतु प्रामाणिक लेखनाचा एक धोका असतो: तें लिहिणाऱ्यासही प्रश्न विचारूं लागतें. इंग्लंडांत सुट्ट्यांतील कित्येक आठवडे विद्यार्थ्यास शेतांवर आणि दवाखान्यांत प्रत्यक्ष काम करावें लागतें, मेंढ्यांच्या विणीच्या हंगामांत रात्री जागवाव्या लागतात. तें शिक्षण तिला हवें आहे, असें ती लिहिते. आणि पुढच्याच ओळींत लिहिते कीं त्या देशांत म्हशी फार थोड्या आहेत, तेव्हां माझ्या प्रश्नाचें उत्तर तेथें मिळेल कीं परळास, हें मला अजून ठरवितां आलेलें नाहीं.

ही ओळ काढून टाकावी असें तिच्या वडिलांचें म्हणणें पडलें. अर्जांत शंका दाखवूं नये, असें व्यवहार सांगतो. आमचें मत विचारलें, तेव्हां आम्हीं ती ठेवावी असें सांगितलें. ती सबंध निबंधांतील सर्वांत खरी ओळ आहे, आणि ती वाचून जो परीक्षक या मुलीस बोलावील, त्याच्याकडे जाण्यांत अर्थ आहे. जो बोलावणार नाहीं, त्याच्यापायीं खाचर तरी जाणार नाहीं. अंतिम निर्णय तिचा आहे. मुदतीस अद्याप तीन आठवडे आहेत, आणि पवनेकांठच्या त्या खाचरांत यंदाचें भात नुकतेंच पोटरींत आलें आहे.