आईवरची कविता आणि आईची कविता

बऱ्हाणपुरास तापीच्या पैलतीरी जैनाबाद नावाची वस्ती आहे. तेथील आहूखान्यात, म्हणजे बादशाही मृगवनात, इ. स. १६३१ च्या जून महिन्यात मुमताज महलचा देह प्रथम पुरण्यात आला. चौदाव्या बाळंतपणात तिचा अंत झाला. तेव्हा जन्मलेली गौहरआरा मात्र वाचली. सहा महिन्यांनी तिचे अवशेष आग्र्यास नेण्यात आले आणि पुढे तेथे जे उभे राहिले ते सर्व जगास ठाऊक आहे. चौदा अपत्ये झाली, सात जगली, एवढा हिशेब इतिहासाने नीट ठेवला आहे. परंतु त्यांतील कोणते लेकरू जेवताना हट्ट धरी, कोणाच्या उशाशी आईने रात्र काढली, गेलेल्या सातांपैकी कोणाची आठवण तिला अधिक छळी, यांविषयी तो संगमरवर मुका आहे. तो एका पतीच्या शोकाचे स्मारक आहे. आईचा दिवस त्यात कोठेच नाही.

बऱ्हाणपूर ही एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी होती. त्याच खानदेशात, त्याच तापीच्या खोऱ्यात, पश्चिमेस जळगावाजवळ असोदे नावाचे गाव आहे. तेथे १८८० साली एका शेतकऱ्याच्या घरी बहिणाबाईंचा जन्म झाला. वयाच्या तेराव्या वर्षी त्या जळगावच्या चौधरींच्या घरात सून म्हणून आल्या आणि तिसाव्या वर्षी विधवा झाल्या. ओंकार, सोपान आणि काशी या तीन लेकरांना त्यांनी शेतात राबून वाढविले. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांच्या मागे घुमट राहिला नाही, राहिली ती काही गाणी. आणि जे संगमरवराला सांगता आले नाही ते, म्हणजे एका आईचा उजाडल्यापासून मावळेपर्यंतचा दिवस, या गाण्यांनी सांगितले.

एका सम्राज्ञीची आणि एका शेतकरणीची ही तुलना थोरवी ठरविण्यासाठी मांडलेली नाही. तीतून एक वाङ्मयीन प्रश्न उभा राहतो, तो असा : आपल्या साहित्याने आईला ज्या भरभरून गौरविले, त्या गौरवात तिचे रोजचे जगणे कितीसे उतरले आहे?

मराठीतील आईवरची प्रसिद्ध कविता आठवून पाहावी. कवी यशवंतांची 'आई' घराघरांत पाठ झाली. माधव जूलियनांच्या कवितेने तर कित्येकांचे डोळे पाणावले. या दोन्ही कविता खऱ्या आहेत, उत्कट आहेत. त्यांचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. परंतु दोहोंचा प्राण एकच आहे, तो म्हणजे आईचा अभाव. आई जवळ नाही, म्हणून मन तिला हाक मारते. विरहात मूर्ती उजळते, हे खरे. पण उजळताना तिच्या अंगावरची राख, पीठ आणि घाम पुसला जातो, हेही तितकेच खरे. राहते ते वात्सल्य. ते निर्मळ असते. मात्र ते कोणत्याही आईचे असू शकते. अमक्या घरातल्या, अमक्या गावच्या, अमुक बोली बोलणाऱ्या एका बाईचे ते राहत नाही.

येथे कोणी 'श्यामची आई'कडे बोट दाखवील, आणि ते योग्यच होईल. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील आई हवेतली नाही. ती कोकणातल्या एका ओढग्रस्तीच्या घरात वावरते, कर्जाचा अपमान गिळते, दुसऱ्याच्या घरची कामे करते. स्नान केलेल्या मुलाचे पाय मळू नयेत म्हणून धोंड्यावर आपले ओले लुगडे पसरणारी ती माउली मराठी मनात कायमची बसली आहे. आमच्या कोकणी वाचकांस तर त्या अंगणाचा, विहिरीचा आणि तुळशीचा वासही ओळखीचा वाटेल. घरगुती क्षणांना वाङ्मयात मानाचे पान देणारे हे पुस्तक आहे, यात संशय नाही.

तथापि त्या क्षणांची घडण न्याहाळून पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. तेथे प्रत्येक प्रसंग श्यामाकडे वाहत जातो. लुगडे पसरले, त्यातून मनाच्या शुद्धीचा धडा निघाला. पोहण्यास भिणाऱ्या मुलाला शिक्षा झाली, त्यातून धैर्याचा निघाला. आई काहीही करो, त्याचे फळ मुलाच्या चारित्र्यात मोजले जाते. हे स्वाभाविकही आहे, कारण सांगणारा मुलगा आहे, आई कधीच गेलेली आहे, आणि तो कृतज्ञतेने बोलत आहे. परंतु मुलगा झोपल्यावर, घर निजल्यावर, आई एकटी असताना तिच्या मनात काय चालले होते, हे त्यास कोठून कळणार? श्यामची आई ही शेवटी 'श्यामची' आई आहे. पुस्तकाच्या नावातच त्याची सीमा प्रामाणिकपणे सांगितलेली आहे.

बहिणाबाईंच्या गाण्यांत आपण ही सीमा ओलांडून पलीकडे जातो. तेथे बोलणारी स्वतः आईच आहे, आणि तिच्यासमोर श्रोता म्हणून मूल नाही. तिच्यासमोर जाते आहे, चूल आहे, तवा आहे. जात्याला ती खानदेशी बोलीत 'घरोट' म्हणते. त्या घरोटाशी ती शेजारणीशी बोलावे तशी बोलते, आणि पीठ व गाणे ही दोन्ही एकाच फेऱ्यातून बाहेर पडतात अशी तिची प्रतीती आहे. पेटता पेटेना अशा चुलीवर ती चिडते. डोळ्यांत धूर जातो, म्हणून चार शब्द सुनावतेही. हा राग फार मोलाचा आहे. मुलाने काढलेल्या चित्रात आई चुलीवर रागावत नाही, ती फक्त सोसते. आईने काढलेल्या चित्रात ती रागावते, हसते, दमते आणि पुन्हा कामाला लागते.

संसाराविषयीचे त्यांचे प्रसिद्ध गाणे तव्याच्या चटक्यापासून सुरू होते. त्याला पुष्कळांनी तत्त्वज्ञान म्हटले आहे. ते आहेच; परंतु ते आधी हाताला लागलेले आहे, मग डोक्यात शिरलेले आहे. ज्या बाईने रोज भाकरी थापली तिलाच तो हिशेब सुचू शकतो. पतीच्या निधनावरचे त्यांचे गाणे घ्या. त्यात आक्रोशाला जागा थोडी. सौभाग्याच्या खुणा अंगावरून गेल्या, त्यानंतर आपल्या देहावर आणि आपल्या हातांत काय शिल्लक राहिले, याची ती जणू मोजदाद करते. मुले लहान आहेत. रडत बसण्यास सवड नाही. हे गाणे मातृत्वाचे होते, ते यामुळेच.

आणखी एका गाण्याचा विचार केल्यावाचून पुढे जाता येत नाही. सासुरवाशीण माहेराची थोरवी गात चालली आहे. वाटेत एक योगी तिला अडवून विचारतो, की माहेर इतके गोड, तर मग तू सासरी आलीसच कशाला? तिचे उत्तर असे, की मी या घरी टिकून राहिले तरच उद्या माझ्या मुलीला परत यावयास एक घर असेल. विरक्ताच्या प्रश्नाला गृहिणीने दिलेले हे उत्तर आहे. देवळात कीर्तन ऐकणाऱ्या आपल्या समाजाला योग्याचे उत्तर ऐकण्याची सवय आहे. येथे योगी विचारतो आणि बाई सांगते. माहेर ही जागा आपोआप असत नाही, ती कोणातरी आईने रोज राहून राखलेली असते, हा विचार इतक्या साधेपणाने अन्यत्र क्वचितच आढळेल.

बहिणाबाई ही एकटी चमत्कारासारखी उगवली, असे मात्र मानू नये. जात्यावर बसून गाणाऱ्या बायका खानदेशापासून कोकणापर्यंत घरोघर होत्या. गोव्याकडे धालोच्या मांडावरही बायकांनीच गाणी जतन केली. हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी पुढे महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. एवढे गाणे या हातांनी जन्माला घातले होते! मग नाव राहिले ते एका बहिणाबाईंचे, ते का?

त्याचे उत्तर काव्यगुणात आहेच. मात्र तेवढ्यानेच भागत नाही. बहिणाबाईंच्या घरात ऐकणारा एक कान होता. त्यांचे पुत्र सोपानदेव चौधरी हे स्वतः कवी होते. आईवर दोन-चार सुंदर कविता लिहून ते कृतार्थ होऊ शकले असते. त्यांनी त्याहून अवघड काम केले. मावसभावाच्या साहाय्याने त्यांनी आईची गाणी उतरवून घेतली, आणि उतरवताना तिची बोली सुधारली नाही. शिकलेल्या मुलाला आईची भाषा गावंढळ वाटण्याचा तो काळ होता, आणि आजही तो पुरता सरलेला नाही. अशा वेळी तिचे उच्चार जसेच्या तसे राखणे ही विनयाची पराकाष्ठा होय. आईवर कविता लिहिणारे पुत्र आपल्याकडे पुष्कळ झाले. आईची कविता लिहून घेणारे किती झाले?

आणि तरीही उशीर झालाच. ३ डिसेंबर १९५१ रोजी बहिणाबाई वारल्या. 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली ती १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह. आपले पुस्तक हातात घेण्याचे त्या माउलीच्या नशिबी नव्हते. योगायोग असा, की त्याच अत्र्यांनी पुढच्याच वर्षी 'श्यामची आई' पडद्यावर आणली आणि तिला राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले. दोन वर्षांत एकाच माणसाने महाराष्ट्राला दोन आया भेटविल्या. दोघीही तोवर या जगात नव्हत्या. आपण आईचे ऐकतो ते बहुधा ती गेल्यावर, ही खंत या दोन पुस्तकांच्या तारखांतच नोंदलेली आहे.

यापुढची तक्रार लोकप्रियतेविषयी आहे. १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटाने ही गाणी घरोघर पोहोचविली, पाठ्यपुस्तकांनी ती मुलांना शिकविली, २०१८ साली जळगावच्या विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले. हे सर्व उचितच झाले. परंतु होता होता या गाण्यांतील सुटी वाक्ये सुभाषितांसारखी भिंतींवर आणि भाषणांत फिरू लागली, आणि ज्या कामातून ती निघाली ते काम मागे राहिले. बहिणाबाईंना 'अशिक्षित तत्त्वज्ञ' म्हणून नमस्कार करणे सोपे आहे. ती एक दमलेली बाई होती, तिच्या हाताला घट्टे होते, ती चुलीवर चिडे, हे ध्यानी ठेवून तिचे गाणे वाचणे अधिक कठीण. आणि खरी रसिकता त्यातच आहे. साने गुरुजींच्या माउलीतून आपण संस्कार तेवढा उचलला, बहिणाबाईंतून शहाणपण तेवढे उचलले. दोन्ही वेळा बाई हातातून निसटली.

बऱ्हाणपुराहून महाराष्ट्राकडे येताना सीमेजवळच्या टेकडीवर इच्छापूरची इच्छादेवी आहे. नवरात्रात तेथे खानदेशातून आणि निमाडातून बायका येतात. कडेवर मूल, हातात नारळ, आणि पायऱ्या चढताना शेजारणीशी चाललेले बोलणे. देवीला आपण माय म्हणतो. कोकणी माणूस घरच्या मायेला आवय म्हणतो. पण गाभाऱ्यातल्या मायेला ओटी भरताना, प्रसादाचा शिरा ज्या हातांनी ढवळला त्या मायेकडे आपले लक्ष जाते का, हा प्रश्न देवळाशी नाते असलेल्या प्रत्येकाने स्वतःस विचारण्याजोगा आहे. पायऱ्या चढताना ती जे बोलते, ते कदाचित तिचे गाणेच असेल.

बऱ्हाणपुरासारख्या गावी हा प्रश्न अधिक निकडीचा होतो. तेथील मराठी घरांत शाळा हिंदी, बाजार हिंदी, कचेरी हिंदी; मराठी उरते ती स्वयंपाकघरात, आणि तीही आईच्या तोंडी. रावेर-बऱ्हाणपूरच्या पट्ट्यात जी लेवा बोली ऐकू येते, तीच बहिणाबाईंची बोली. मूल शिकते, ती बोली सोडते. आई जाते, आणि तिच्याबरोबर भांड्यांची, रांगोळ्यांची, रुसव्याफुगव्यांची ती सारी शब्दसंपत्ती जाते. हीच गोष्ट परमुलखात वसलेल्या कोकणी घरांविषयीही म्हणता येईल. यासाठी आईने कवयित्री असण्याची गरज नाही. चूल न पेटण्याला तिच्या बोलीत काय म्हणतात, माहेरची वाट ती कशी सांगते, मूल निजविताना काय गुणगुणते, एवढे जरी वहीत उतरले तरी पुष्कळ. सोपानदेवांनी केले ते याहून निराळे नव्हते. ते आईजवळ बसले आणि त्यांनी लिहून घेतले. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आई अजून आहे, त्यांना ते आज संध्याकाळीही करता येईल.