हबशी : शब्दाआड हरवलेला माणूस

मराठी ऐतिहासिक कथा-कादंबऱ्यांच्या वाचकाला 'हबशी' हे पात्र नवे नाही. तो बहुधा पहारेकरी असतो, नाहीतर मारेकरी. लेखक त्याचा धिप्पाड देह आणि लाल डोळे रंगवितो, पण त्याच्या तोंडी क्वचितच एखादे वाक्य घालतो. त्याला घर नसते, आई नसते. विचार तर नसतोच. 'हबश' म्हणजे इथिओपियाचा प्रदेश; तेथून आलेला तो हबशी, एवढाच या शब्दाचा मूळ अर्थ. देशाचे हे नाव आमच्या वाङ्मयात स्वभावाचे नाव होऊन बसले. हे चित्र असत्य आहे, असे आमचे मत आहे. कारण दख्खनचा इतिहासच त्याविरुद्ध साक्ष देतो.

१५४८ च्या सुमारास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलामांच्या बाजारात अनेकदा विकला जाऊन अखेर अहमदनगरच्या निजामशाहीत आला. हाच मलिक अंबर. त्याने मोगलांना दोन तपांहून अधिक काळ झुंजविले. परंतु त्याची खरी कीर्ती जमीनमहसुलाच्या व्यवस्थेत आणि १६१० साली वसविलेल्या खडकी नगरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, खेळविलेल्या नहरींच्या पाण्यात आहे. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्याच बाजूने लढले. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मवृत्तात त्याच्या रंगावरून त्याला हिणविले. पण १६२६ साली अंबर वारल्यावर त्याच दरबारचा इतिहासकार मुतामिद खान याने लिहून ठेवले, की युद्धात आणि राज्यकारभारात त्याला तोड नव्हती. शत्रूच्या लेखणीला जे दिसले, ते आमच्या कादंबरीकारांना का दिसू नये?

दुसरे चित्र करुणेचे आहे. पुण्याच्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली. सातासमुद्रापलीकडील गुलामाचे दुःख आणि येथील शूद्रातिशूद्रांचे दुःख एकच, हे ओळखणारी ती दृष्टी थोर होती. तरीही समीक्षकाने एक गोष्ट नोंदविली पाहिजे. त्या अर्पणपत्रिकेत गौरव होतो तो मुक्त करणाऱ्यांचा. फ्रेडरिक डग्लस १८३८ साली स्वतःच्या हिमतीने दास्यातून निसटला आणि १८४५ साली त्याने आपले आत्मचरित्र लिहिले. अमेरिकेच्या यादवी युद्धात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय सैनिक उत्तरेच्या सैन्यात लढले. हा पराक्रम तेथे येत नाही. पुढे १९७२ साली मुंबईत दलित पँथर स्थापन झाली आणि तिने अमेरिकेतील ब्लॅक पँथरकडून नाव घेतले, तेव्हा कृष्णवर्णीय मनुष्य मराठी लेखकाला बरोबरीचा सोबती म्हणून भेटला.

तिसरे चित्र कौतुकाचे असल्यामुळे सहज फसविते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर भागात सिद्दी बांधव राहतात. त्यांच्यापैकी अनेक जण आपल्यासारखेच कॅथोलिक आहेत. त्यांच्या पूर्वजांतील कित्येक पोर्तुगीजांच्या गोव्यात गुलाम म्हणून आणले गेले होते आणि त्यांचे धनी ख्रिस्ताचे नाव घेणारे होते, हे आपण विसरू नये. १९८० च्या दशकात भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना निवडून खेळाडू घडविण्याची योजना आखली. आफ्रिकी रक्तात उपजतच वेग असतो, ही त्यामागची समजूत. काहींनी पदके मिळविली. पुढे योजना बंद पडली. पण ज्या सिद्दी मुलीला धावावयाचे नाही, शिक्षिका व्हावयाचे आहे, तिच्यासाठी या कौतुकात जागा कोठे आहे? भीती असो, कीव असो वा कौतुक असो, या तिन्ही चित्रांत माणूस बोलण्यापूर्वीच त्याच्याविषयीचा निकाल लागलेला असतो.

आपल्या पुण्यात आफ्रिकी देशांतील विद्यार्थी शिकावयास येतात. ते खोली शोधीत दाराशी आले, की 'ही माणसे कशी असतात?' असा प्रश्न आपल्या मनात उठतो. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाला वाटेवर एक इथिओपियन भेटतो. तो राणीचा खजिनदार आहे आणि रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत आहे. फिलिप्प त्याला त्याच्या रंगाविषयी किंवा स्वभावाविषयी काही विचारीत नाही. त्याचा पहिलाच प्रश्न आहे तो त्या वाचनाविषयी. दाराशी आलेल्या विद्यार्थ्यालाही आपण प्रथम तो काय शिकतो, हेच विचारावे.